तीन हॉर्नांची वाट

पोंऽऽ... असा लांब, घसा बसलेला हॉर्न. उस्मानभाईच्या दुधाच्या टेंपोचा. चाळीस वर्षं झाली, टेंपो कधीच भंगारात गेला, तरी सकाळी सातच्या सुमाराला माझे पाय आपोआप खाटेवरून खाली उतरतात.

आता रविवारी उमरग्याहून डॉक्टर, मास्तर, दुकानदार अशी मंडळी रंगीत बूट घालून आमच्याकडं पळायला येतात. तलावाच्या पाळीवरून, शिरसाच्या बनातून, थेट हमरस्त्याच्या फाट्यापर्यंत. परवा एक डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "काका, काय सुंदर रूट आहे! कुणी शोधला?"

मी म्हणालो, "शोधला न्हाय सायेब. आमच्या पायांनी पडलाय."

मग ते खाली बसले आणि त्यांनी एक किस्सा ऐकला. मग दुसरा. किस्से कडब्याच्या पेंढ्यांसारखे असतात, एक ओढला की वरचे चार अंगावर येतात. डॉक्टर म्हणाले, लिहून ठेवा. म्हणून लिहितो आहे.

* * *

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही गावकऱ्यांनी खडी फोडली, माती वाहिली, तो हा तलाव. पुढं पाळीखालच्या माळावर वनखात्यानं शिरस आणि कडुनिंब लावले, तेही आमच्याच हातांनी. मग गावात दूध संस्था निघाली, गावातले वडीलधारे नाना चेअरमन झाले. अडचण एकच होती. तालुक्याच्या दूध संघाचा टेंपो चार मैलांवर, फाट्यावर थांबायचा. बैलगाडीची वाट टेकडीला वळसा घालून जायची. धार काढून गाडी निघाली की तिथं पोचेपर्यंत टेंपो पसार!

आम्ही चौघांनी ठरवलं, पळत न्यायचं. कावडीला दोन किटल्या. गावापासून सांडव्यापर्यंत संभा, सांडव्यापासून बन संपेपर्यंत मारुती, तिथून फाट्यापर्यंत मी. चौथा भीमराव. तो आमच्यात सगळ्यांत जलद. तो मोकळ्या हातांनी पुढं पळायचा आणि तांबडा गमछा हलवून टेंपो थांबवायचा. उस्मानभाई तीन हॉर्न द्यायचा. पहिला, आलो. दुसरा, थांबलोय. तिसरा, निघालो!

भीमराव मोकळ्या हातांनी का, हे गावात कुणी विचारत नव्हतं. तो बौद्ध वस्तीतला. नाना म्हणाले होते, "गडी चांगला हाय. पर दुधाला हात नगं, मेंबर लोक बोलतील." आम्ही तिघं त्या मेंबरांचीच पोरं. आम्हीही गप्प बसलो.

सकाळी पाण्यावर धुकं असायचं. बनात मोर, माळावर काळवीट. थांबून बघायला सवड नव्हती, पण पायांना सगळं पाठ होतं.

* * *

पहिल्या आठवड्यात आम्ही इतके जोरात पळालो, की फाट्यावर झाकण उघडलं तर दुधावर लोण्याचे कण तरंगत होते!

उस्मानभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे मियाँ, संघानं दूध मंगवलंय, मस्का नक्को!"

तेव्हापासून नाना पळसाची पानं धुऊन दुधावर ठेवू लागले. बायका घागर हिंदकळू नये म्हणून ठेवतात, तशी. शिवाय निघताना ते झाकणभर दूध स्वतः पिऊन बघायचे. "गोड हाय, पळा!" असं त्यांनी म्हटल्याशिवाय कावड हलायची नाही.

मारुती हळूच म्हणायचा, "झाली नानांची न्याहारी!"

* * *

वनखात्याचा एक नवा गार्ड आला होता. खांद्यावर काहीतरी घेऊन बनातून पळणारा माणूस म्हणजे चोरच, असं त्याला वाटलं. "थांब!" म्हणून तो मारुतीच्या मागं लागला.

मारुती थांबतो कसला! बनाच्या टोकाला त्यानं कावड माझ्या खांद्यावर दिली. गार्डानं मारुतीला सोडलं आणि माझा पाठलाग सुरू केला. मी बोलायला थांबलो असतो, तर टेंपो गेला असता. शेवटी फाट्यावर गार्ड डांबरावर बसला, काठी एकीकडं, टोपी दुसरीकडं. त्या दिवशी आम्ही टेंपोच्याही आधी पोचलो होतो.

उस्मानभाई आला, त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "ह्या सायबाला रोज पाठवा की!"

* * *

संभाचं लग्न. सकाळी अंगाला हळद लागलेली. मारुती म्हणाला, "आज ऱ्हाऊ दे, तुझा टप्पा बी मीच पळतो."

संभा भडकला. "मी नवरदेव झालो म्हणून म्हशी आटल्या व्हय?"

कमरेला कट्यार खोचून, कावड घेऊन तो निघाला. नेमकं नवरीकडचं वऱ्हाड फाट्यावर उतरून त्याच वाटेनं चालत येत होतं. त्यांना काय दिसलं? पिवळाधमक नवरदेव गावाकडून उलट्या दिशेनं धूम पळतोय!

"नवरदेव पळाला! धरा!" नवरीचा मामा ओरडला. दोघांनी संभाला घट्ट धरलं.

"सोडा मला! दूध घालायला चाललोय!" संभा हातपाय झाडत होता.

नवरीची आई मात्र शांतपणे म्हणाली, "जाऊ द्या त्यान्ला. जो आजच्या दिवशी दूध सोडंना, तो माझ्या लेकीला काय सोडतोय!"

* * *

उमरग्याला तालुक्याच्या शर्यती होत्या. भीमराव अनवाणी उतरला. बाकीच्यांना बूट होते, काहींना तर शिट्टी घेतलेले मास्तरही होते. भीमरावनं दोरी तोडली तेव्हा दुसरा गडी अर्ध्या मैदानात होता.

पण दोरी तोडून तो थांबलाच नाही! मैदानाच्या फाटकातून सरळ रस्त्यावर गेला आणि गमछा काढून हलवायला लागला. पंच मागं धावले. "अरे, संपली शर्यत!"

भीमराव म्हणाला, "सवय हाय जी. टेंपो दिसल्याबिगर पाय थांबत न्हायत."

माईकवर आमच्या गावाचं नाव तीनदा घेतलं. दर वेळी मी शेजारच्याला ढोसून सांगितलं, "आमचं गाव हाय ते!" गावात नानांनी भीमरावला हार घातला. पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमराव पुन्हा मोकळ्या हातांनी पुढं पळाला.

* * *

पुढं एक वर्ष पाऊस फिरकला नाही. रानात काही उरलं नव्हतं, चुली दुधावर पेटत होत्या. त्यातच मारुती तापानं पडला आणि एका महिन्यात आमचा टेंपो दोनदा चुकला. संघाच्या साहेबांचा निरोप आला. तिसऱ्यांदा चुकला तर फाटा बंद. ते स्वतः टेंपोत बसून बघायला येणार होते. नाना दोन मेंबरांना घेऊन आदल्या दिवशीच फाट्यावर मुक्कामाला गेले.

संभा पळाला. अशक्त असूनही मारुती पळाला. मग मी. ओढ्याच्या उतारावर माझा पाय मुरगळला. कावड आधी जमिनीला टेकवली आणि मगच पडलो. थेंब सांडू दिला नाही, हे मी आजही सांगतो.

फाटा समोर दिसत होता. पहिला हॉर्न झाला. मी उठलो, पुन्हा पडलो. दुसरा हॉर्न झाला.

तेवढ्यात तांबडा गमछा माघारी येताना दिसला.

"गणपा, उठवतंय का?" भीमरावनं विचारलं.

"न्हाय रे."

त्यानं कावडीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "तू सांग," तो म्हणाला.

मी म्हणालो, "उचल."

त्या दिवशीचं त्याचं पळणं तालुक्यानं बघायला हवं होतं. किटल्या जागच्या हलत नव्हत्या, फक्त पाय हलत होते. उस्मानभाईनं तिसरा हॉर्न दिला, पण इतका लांब दिला, की तो संपायच्या आत कावड फाट्यावर टेकली!

मी लंगडत पोचलो तेव्हा साहेब विचारत होते, "उशीर झालाय. दूध नासलं नाही कशावरून? चाखलंय का कुणी?"

कुणी चाखलं नव्हतं. नाना तर फाट्यावरच होते. दोन्ही मेंबर नानांकडं बघू लागले. भीमरावचा घामेजलेला हात अजून किटलीच्या झाकणावर होता.

नाना पुढं आले. त्यांनी त्याच्या हाताखालून झाकण घेतलं, काठोकाठ भरलं आणि सगळं पिऊन टाकलं.

"गोड हाय," ते साहेबांना म्हणाले. "घ्या."

दूध टेंपोत गेलं. फाटा राहिला. किटलीच्या तळाशी थोडं दूध उरलं होतं. नानांनी ते झाकणात ओतलं आणि भीमरावपुढं धरलं. "भीमा, घे."

भीमराव झाकणाकडं बघत राहिला. मग त्यानं गमछ्यानं घाम पुसला, झाकण नानांच्या हातात तसंच ठेवून रिकामी कावड खांद्यावर घेतली आणि तलावाच्या दिशेनं निघाला. त्या वाटेवर आम्ही त्याला पहिल्यांदाच चालताना बघितलं.