आईनं ऐकलेला शेला

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी लहान असतानाच वडील गेले. आईनं निमगाव केतकीच्या शिवारात लोकांच्या उसात खुरपण करून मला बारामतीला शिकवलं, पदवीधर केलं आणि मी तिथल्याच एका शाळेत शिक्षिका झाले. हे मी अभिमानानं सांगते. आता आई जरा टेकेल असं वाटत होतं, तोच तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

सकाळी तिला अंघोळ घालायची, भरवायचं, एसटी गाठायची. दिवसभर शेजारच्या सखूमावशी तिच्यापाशी बसत. संध्याकाळी आले की माझं पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचे शब्द तिच्या कानावर पडू द्या, वाचा आली तर तशीच येईल. म्हणून रोज दिवेलागणीला मी तिच्या खाटेशेजारी बसून बायबलमधलं एक स्तोत्र वाचायचे. आम्हा ख्रिस्त्यांच्या घरांत तो परिपाठ असतोच. पण मी निवडून वाचायचे, धीराची आणि उपकारस्तुतीची तेवढीच. आजारी माणसापुढं रडगाणं कशाला? आई छताकडं बघत पडून राहायची. महिने गेले. घशातून आवाज निघायचा, शब्द काही निघायचा नाही. माझी स्वतःची प्रार्थना आटत चालली होती. देवावर रागावले होते असंही नाही. नुसती दमले होते.

स्तोत्रांत मधेमधे ‘सेला’ असा शब्द येतो. गाताना थांबायची ती खूण असावी; नक्की अर्थ कुणालाच ठाऊक नाही. आईला वाचता येत नाही. तिनं तो जन्मभर ‘शेला’ असाच ऐकला. कॉलेजात असताना मी तिला खरा प्रकार समजावून सांगितला, तर म्हणाली, “मग मी काय येगळं म्हनते? दमल्याच्या खांद्यावर देव शेला टाकतो. मानूस थांबतंच की तितं! तुमच्या कॉलेजात येवढं बी शिकवत न्हाईत व्हय?” मी हसले, पण माझा अर्थ सोडला नाही. अजूनही सोडलेला नाही.

एका संध्याकाळी बारामतीपासून एसटीत उभ्यानंच घरी आले. खाटेशी बसले आणि आजवर टाळलेलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडलं. त्यात हाक मारणारा हाका मारत राहतो, उत्तर येत नाही आणि शेवट अंधारातच होतो. ते मी आईसाठी नाही, माझ्यासाठी वाचायला घेतलं. आवाज कापत होता. सेला आला तो तसाच गाळून पुढं गेले.

आईनं डावा हात खाटेवर आपटला. मी थांबले. तिनं पुन्हा आपटला. ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर ताठ झाली.

“शे... ला.”

कालवण घेऊन आलेल्या सखूमावशी दारातच ओरडल्या, “अगं बया, बोलली की! थंडी वाजतीया तिला, शेला मागतीया, आन तू पुस्तक धरून बसलीस? येवढी शिकून काय उपेग!”

वाटी खाली ठेवून त्या पळाल्या आणि पोराच्या लग्नातला ठेवणीतला शेला घेऊन आल्या. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्या आईवर पांघरायला वाकल्या, तर आईनं डाव्या हातानं तो सारला आणि माझ्याकडं बोट केलं.

“हिला? हिला काय धाड भरलीया?” म्हणत मावशींनी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. शेला त्यांनी माझ्या खांद्यांवर टाकला.

दमल्याचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. देवालाही नाही. त्याच्यापुढं धीराचंच बोलायचं असतं, अशी माझी समजूत होती. ते अंधारातलं स्तोत्र मी शेला पांघरूनच वाचून पुरं केलं. ज्याला उत्तर मिळत नाही तोही हाक देवालाच मारतो, एवढं तेव्हा उमगलं. स्वतःला देवाच्या हाती सोपवायचं म्हणजे आपला थकवाही सोपवायचा. हे मला अजून जड जातं. डॉक्टर म्हणतात, अशी वाचा कधीकधी परतते. परतत असेल. मी देवाचे उपकार मानते.

आज आई काठी धरून उंबऱ्यापर्यंत चालते, डाव्या हातानं जेवते. तिला मोजकेच शब्द बोलता येतात. दिवेलागणीला मी सगळी स्तोत्रं ओळीनं वाचते. सेला आला की थांबते. तो शब्द आई म्हणते.