दोर ओढणारी

धरणाच्या पाण्यानं चहूबाजूंनी वेढलेल्या वस्तीवर मी मुलांना लसी द्यायला जाते. मला न्यायला नेहमी वस्तीवरची एकच बाई येते, थर्माकोलचा तराफा घेऊन. दोन्ही काठांना बांधलेला दोर ओढत ती सगळ्यांवर ओरडते, "हलू नगा! पाण्याला गुदगुल्या व्हत्यात." मग स्वतःच इतकी हसते की तराफा डुलायला लागतो.

दिवाळीनंतर तिचा लेक तिला कायमचं माजलगावला न्यायला आला. मी तराफ्याची वाट बघत अलीकडच्या काठावर उभी होते. तिनं लेकाला, भांड्यांच्या पोत्याला आणि शेळीला पाण्यापार आणलं. लेकानं सगळं उतरवून घेतलं. ती मात्र बसूनच राहिली.

"आये, उतर की."

"शेजारची म्हातारी एकटी पडंल रं. तिला दिसत बी न्हाई."

"ती आपली कोण लागती?"

"कुणी न्हाई. पर रोज माज्याशी लई भांडती. मी गेल्यावर तिच्याशी कोण भांडंल?"

लेकानं पोतं आणि शेळी पुन्हा तराफ्यावर चढवली आणि स्वतः काठावरच थांबला.

"बसा, बाई," ती मला म्हणाली.

परतताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. दोन्ही हात दोराला होते, म्हणून तिचे डोळे मीच पदरानं पुसले.