फोडणीतलं मीठ

हुडकेश्वरच्या आमच्या घरी त्या वर्षीचा कूलर नुकताच खिडकीत बसला होता. रामदासपेठेतल्या एका छोट्या कंपनीचं काम मी तेव्हा घरूनच करायची. बायकांनी फोनवर बोलून पाठवलेल्या रेसिपी यायच्या. आवाजाचा मजकूर व्हायचा, तो मजकूर मी एका भाषा-मॉडेलला द्यायची आणि ते त्यातून तक्ता काढून द्यायचं. जिन्नस, प्रमाण, कृती, वेळ, किती जणांसाठी. कुणी नुसतं ‘अंदाजानं’ म्हटलं असेल तर प्रमाणाची जागा रिकामी सोडायची, बोललं गेलं नाही ते भरायचं नाही, अशी सूचना त्याला आधीच लिहिलेली असे. तक्ता मजकुराशी ताडून पाहायचा, चुका सुधारायच्या आणि पुढे पाठवायचा, एवढं माझं काम.

आमच्या भागातले पदार्थ कमी पडत होते, म्हणून मी सासूबाईंना गोळाभात सांगायला म्हटलं. त्या संकोचल्या.

“तू समोर असली तं मले सुचत नाही. तो फोन ठेव तिथं अन जाय. मी करता करता सांगते.”

मी रेकॉर्डिंग चालू करून फोन ओट्यावर ठेवला आणि शिंप्याकडे गेले. नवरा ऑफिसात होता. परत आले तेव्हा दाराला आतून कडी होती, दोनदा वाजवावं लागलं. गोळाभात तयार होता. आम्ही जेवलो. मीठ नेहमीसारखं जरा कमी होतं, आणि नेहमीसारखं मी वरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी तो मजकूर मॉडेलला दिला. तक्ता नीट आला. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा दोन वाट्या, भिवापूरचं तिखट, हळद, ओवा, तेलाचं मोहन. भात अर्धा शिजला की गोळे वर ठेवायचे. मिठाच्या ओळीत लिहिलं होतं: भरड्यात पाऊण चमचा, भातात दीड चमचा, आणि वरून घ्यायच्या तेलाच्या फोडणीत एक चिमूट. शेजारी टीप होती: ‘प्रमाण दुसऱ्या व्यक्तीने सांगितल्याप्रमाणे.’

मी मजकूर चाळला. त्यात मिठाचं माप कुठेच नव्हतं. मग हेडफोन लावून मूळ आवाज ऐकला. आधी सासूबाई शाळेत कविता म्हणावी तशा ठासून बोलत होत्या. हळूहळू आवाज सैल झाला. भांड्याचा आवाज, कूलरची घरघर, आणि मग त्या म्हणाल्या, “बाई, आता पाहा. मीठ किती टाकू?”

नंतर काहीच नाही. कुणी एवढंसं उत्तर द्यावं, तेवढी जागा.

“बरं,” त्या म्हणाल्या. “अन भातात?”

पुन्हा तेवढीच जागा.

“बरं. टाकून राहिली.”

मी हेडफोन काढले. सासूबाई बाहेरच्या खोलीत कोथिंबीर निवडत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. उन्हाळ्याची दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला ऐकवलं. त्याला फारसं नवल वाटलं नाही.

“मोठ्या आईसंग बोलते आई,” तो म्हणाला. “तुले माहीत नव्हतं?”

मोठी आई म्हणजे सासूबाईंची थोरली जाऊ, त्यांच्या ‘बाई’. आमच्या लग्नाच्या आधीच त्या दवाखान्यात वारल्या. एकत्र घर होतं तेव्हा दोघी एकाच ओट्याशी उभं राहून स्वयंपाक करायच्या. चिरणं, वाटणं, लाटणं सासूबाईंचं. मीठ मात्र कायम मोठ्या बाईच टाकायच्या, स्वतःच्या हातानं.

“अन हे प्रमाण?” मी विचारलं.

“मशीननं ठोकून दिलं असंन.”

तेच असणार होतं. अर्धवट संभाषण दिसलं की मॉडेल उरलेला अर्धा भाग रचतं, हे मी कामात पाहिलं होतं. मी तोच मजकूर पुन्हा दिला. मिठाची जागा रिकामी आली. परत दिला, पुन्हा रिकामी. पहिला तक्ता मी जपून ठेवला नसता तर मला भास झाला असं मीच म्हटलं असतं.

पण फोडणीतली ती चिमूट डोक्यातून जाईना. तेलात मीठ कोण टाकतं? तसं मी तोवर एकाही रेसिपीत वाचलं नव्हतं. त्या आठवड्यात सासूबाई भजनाला गेल्या होत्या, तेव्हा मी तक्त्यातल्या मापानं गोळाभात केला. त्या आल्या, हातपाय धुऊन पानावर बसल्या. मी गोळा फोडून वर तेल घातलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि हात ताटातच थांबला.

“काय टाकलं तेलात?”

“मीठ. चिमूटभर.”

“कोणं सांगितलं तुले?”

मला खोटं सुचलं नाही. मी लॅपटॉप आणून तक्ता दाखवला. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. दुसऱ्या व्यक्तीने सांगितल्याप्रमाणे, ही टीपसुद्धा.

त्या घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा मात्र दुखावल्यासारखा झाला.

“इतकी वर्षं विचारून राहिली मी त्यायले,” त्या म्हणाल्या. “फोडणीची वेळ आली की मले पाणी आणाले पाठवत. जित्या होत्या तवा सांगितलं नाही, मेल्यावरबी मले नाही सांगितलं. अन याले सांगितलं?”

“आई, तुम्हाला तर त्या सांगतात ना? तुम्ही ‘बरं’ म्हणता.”

“मी म्हणते बरं. ऐकू कुठं येते मले?”

त्या ताटावरून उठल्या नाहीत. सगळा भात सावकाश खाल्ला, शेवटचं तेलही बोटानं निपटून घेतलं.

दोन-चार दिवसांनी मी काम करत होते, तर त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.

“तो चालू आहे का?”

“हो.”

“विचार त्यायले. शेवटी दवाखान्यात सगळ्यायले आत बोलावलं. मलेच काहून नाही बोलावलं?”

माझी बोटं बटणांवर होती. लिहिलं असतं तर उत्तर आलं असतं. समजूतदार, गोड, त्यांना हवं होतं तसं. किंवा तसं नसतंही आलं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“आई, हे फक्त लिहिलेलं वाचतं. दुसरं काही याला माहीत नसतं.”

“मीठ कुठं लिहिलं होतं?”

मी लॅपटॉप मिटला. त्या उठल्या नाहीत. ऊन उतरेपर्यंत त्या मिटलेल्या लॅपटॉपशेजारी बसून होत्या, दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसतात तशा, मधूनमधून वर हात ठेवून तो तापला आहे का बघत.

त्या रेसिपीत मिठाची जागा रिकामी ठेवून मी ती पुढे पाठवली. पहिला तक्ता पुसून टाकला. पुढच्या महिन्यापासून रामदासपेठेत जाऊन काम करू लागले. घरात इंटरनेट नीट चालत नाही, असं नवऱ्याला सांगितलं.

सासूबाई आता ओट्यापाशी कुणाशी बोलत नाहीत. स्वयंपाकघरातून फक्त भांड्यांचा आवाज येतो. नवरा म्हणतो, बरं झालं, आई सावरली. संध्याकाळी मी दारात चपला काढते तेव्हा त्या माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघतात.

“काही म्हटलं का त्यायनं?”

“नाही, आई.”

हे खरं आहे. पण त्या माझ्याकडे अशा बघतात, जणू मोठ्या बाईंच्या सांगण्यावरून मीही त्यांना ऐन फोडणीच्या वेळी पाणी आणायला पाठवते आहे.