बाण टेकवायचा कशावर?

मंडळी, एक गंभीर तक्रार. संस्कृतात धनुष्याला ढीगभर नावं, पण बाण टेकवायच्या चिमुकल्या आधाराला मला एकही आठवेना!

आज इथे परदेशात, आल्मेरे शहरातल्या दुकानात माझ्या नव्या, टोकांना चाकं असलेल्या कंपाउंड धनुष्यासाठी तोच आधार निवडत होतो. एक प्रकार बाण सुटताच खाली पडून वाट मोकळी करतो. दुसरा ब्रशसारख्या केसांनी बाणाला चहूबाजूंनी धरून ठेवतो. मी अर्थातच ऐटीत पहिला उचलला.

"अहो, तो ब्रशवाला घ्या," बायको म्हणाली. "चहा रोज बशीत सांडता, बाण तरी जागेवर राहील."

मी हसलो आणि ब्रशवाला घेतला.

तिच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत होतं. बाबांचा हातही असाच थरथरू लागला होता. शेवटी घास भरवावा लागे. डॉक्टरांची वेळ घ्यायची मला भीती वाटते.