लिफ्टमामांचे सात मजले

विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत सात मजल्यांची, आणि तिच्यातली लिफ्ट इमारतीहूनही म्हातारी वाटावी अशी. जाळीचं दार हाताने ओढायचं, पितळी दांडा फिरवायचा आणि मजला आला की नेमक्या क्षणी सोडायचा. जरा उशीर झाला की लिफ्ट वीतभर वर जायची आणि बाहेर पडणारा तोंडावर आपटायचा. लिफ्टमामांच्या हातून एकोणीस वर्षांत कोणी आपटलं नव्हतं. पुस्तकांनी भरलेली ढकलगाडीसुद्धा न अडखळता बाहेर जायची. त्याचा त्यांना भारी अभिमान, आणि का नसावा? अभिमान बाळगण्यासारखं दुसरं काही आयुष्याने त्यांच्या पदरात टाकलं नव्हतं. तरुणपणी बांधकामावर विटा वाहिल्या, बांबूंच्या परांचीवरून पडून उजवा गुडघा कायमचा अधू झाला, तेव्हा कुठे हे बसून करायचं काम मिळालं.

बायको चिडवायची, "एकोणीस वर्षं प्रवास करताय, पोचलात कुठे?"

"सातव्या मजल्यावर."

"आणि परत खाली," असं म्हणून ती भाकरी उलटायची.

पर्यावरण शिकवणाऱ्या मॅडमनी मुलांसाठी एक खेळ काढला, तो चांगल्या मनानेच. व्याख्यानाला मुलं झोपतात, खेळताना झोपत नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मोबाईलवर एक अ‍ॅप, नाव 'हिरवी पावलं'. लिफ्ट टाळा, जिना चढा, वीज वाचवा, गुण मिळवा. प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी काळ्या ठिपक्यांचा एक कोड चिकटवला होता. मोबाईल त्याच्यासमोर धरला की टिंग वाजायचं आणि दहा गुण जमा. महिन्याच्या शेवटी पहिल्या येणाऱ्या गटाला दूरवरच्या पवनचक्क्या बघायला नेणार होते.

पहिले तीन दिवस मामा स्टुलावर बसून माश्या मारत होते. चौथ्या दिवशी चष्मेवाली आली. हिनेच गेल्या वर्षी मामांना मोबाईलवर नातीचा चेहरा बघत बोलायला शिकवलं होतं. तेव्हापासून ही पोरगी त्यांना घरातलीच वाटायची.

"मामा, सातवा. पटकन."

"अगं, आणि तुमचा तो खेळ?"

"खेळासाठीच तर! कोडला काय कळतंय, माणूस चढतोय की उतरतोय? तुमच्याबरोबर वर जायचं आणि उतरताना एकेक मजला वाजवत यायचं."

मामांना एवढं हसू आलं की दांडा सोडायचा राहिला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लिफ्ट वीतभर वर गेली. चष्मेवाली टुणकन उडी मारून उतरली.

दोन दिवसांत ही युक्ती साऱ्या मुलांना कळली. मग काय विचारता! लिफ्टपुढे रांगा लागल्या. मामांना डबा खायला उसंत मिळेना, दांडा धरून धरून मनगट सुजलं. तळमजल्यावरच्या पडद्यावर मुलांनी चढलेल्या मजल्यांचा आकडा फुगत होता. विजेचा मीटर दुप्पट पळायला लागला तेव्हा मॅडम म्हणाल्या, उकाडा वाढलाय, पंखे जास्त चालत असतील. मामा हे सगळं घरी रंगवून सांगायचे.

"मॅडमना सांगा जाऊन," बायको एकदा म्हणाली. "उद्या तुमच्याच अंगाशी येईल."

"पोरं आहेत गं. महिन्याभराचा खेळ."

महिना संपला. मॅडम कार्यालयातल्या मोठ्या साहेबांना घेऊन लिफ्टपाशी आल्या. मागे मुलं, त्यांत चष्मेवाली. तिचा गट पहिला आला होता, निकाल फक्त वाचायचा बाकी होता.

"बत्तीस हजार मजले चढली मुलं!" मॅडमचे डोळे चमकत होते. "मामा, तुम्ही तर महिनाभर नुसते बसून असाल, नाही?"

मामांनी चष्मेवालीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. खरं बोललं तर पोरीची सहल गेली, वर चारचौघांत शोभा. एका वाक्याने आपलं काय बिघडतंय, असं त्यांना वाटलं. जन्मात केलेली सगळ्यात मोठी चूक त्यांनी अशी हसत हसत केली.

"हो मॅडम, बसूनच होतो."

पंधरा दिवसांनी जाळीच्या दारावर कागद लागला. वापर नसल्यामुळे लिफ्ट कायमची बंद. मामांनी तो दोनदा वाचला. ते तडक साहेबांकडे गेले आणि सगळं खरंखरं सांगून टाकलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "मामा, अहवालात तुमचंच वाक्य आहे हो. 'लिफ्टचालक महिनाभर बसून होते.' वरून कौतुकाचं पत्रसुद्धा आलंय. आता मी कोणत्या तोंडाने सांगू?"

चष्मेवाली तेव्हा पवनचक्क्यांखाली उभी होती. परत आल्यावर बंद दार पाहिलं आणि ती रडतच मॅडमकडे धावली. तिने सगळं कबूल केलं. मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. त्यांनी अर्ज केले, फोन केले, दारोदार फिरल्या. पण लिफ्टची मोटर काढून नेली होती आणि असल्या जुन्या लिफ्टचे भाग आता कुठेच मिळत नव्हते. कोणावर चिडावं हेच मामांना कळेना. शिव्या द्यायच्या तर आधी स्वतःला द्याव्या लागल्या असत्या.

मात्र मुलांची लबाडी उघडी पडल्यामुळे खेळात सुधारणा झाली. आता मुलं खरंच चढून आली का, हे बघायला सातव्या मजल्यावर माणूस हवा होता. लिफ्ट गेल्यामुळे मामांना दुसरं काम नव्हतंच.

"बसूनच करायचं काम आहे, मामा," साहेब समजुतीने म्हणाले.

"साहेब, गुडघा..."

"माहीत आहे हो. पण दुसरीकडे जागाच नाही. नको असेल तर..." त्यांनी समोरची फाईल उघडली.

पहिल्या सकाळी मामा कठडा धरून निघाले. दुसऱ्या मजल्यावर घाम फुटला, चौथ्यावर ते पायरीवरच बसले. एकोणीस वर्षं ह्या इमारतीत काढली, पण जिना इतका उंच आहे हे त्यांना माहीत नव्हतं. खालून चष्मेवाली आली. तिने त्यांचा डबा हातात घेतला आणि ती एक पायरी मागे राहून चढू लागली.

सातव्यावर पोचायला पाऊण तास लागला. कोपऱ्यात त्यांचं जुनं स्टूल कोणीतरी आणून ठेवलं होतं. हजेरीही आता त्याच अ‍ॅपवर लावायची होती. मामांनी मोबाईल कोडसमोर धरला. टिंग वाजलं.

"काय म्हणतंय गं ते?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

चष्मेवालीने पडद्यावर पाहिलं, आणि तिला मान वर करवेना.

"हजेरी लागली, मामा."

पण अक्षरं चांगली मोठी होती, मामांना ती दिसली होती. 'शाब्बास! आज तुम्ही लिफ्ट टाळलीत.' त्यांनी मोबाईल खिशात ठेवला, डबा मांडीवर घेतला आणि ते संध्याकाळी खाली कसं उतरायचं याचा विचार करत बसले.