पान एकशे बाराच्या पुढे

नलिनी चौबळ यांच्यावर अन्याय झाला तो मागच्या मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, त्यांच्याच कादंबरीवरच्या चर्चेच्या सभागृहाच्या दारात. करणारी मी. निषेधाचं पत्रक माझं, खाली एकोणीस सह्या, त्यात पहिली माझी. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, रोहिणीताईचा फोन आला, “आई गेली गं…” आणि मला आधी ते पत्रकच आठवलं.

मी दिल्लीत, मयूर विहारला त्यांच्याच सोसायटीत वाढले. घरात मराठी, जिना उतरलं की हिंदी. मराठी शब्द गळत चालले होते. नलिनीमावशी आम्हा पोरांना रविवारी दुपारी गोळा करून पुस्तकं वाचायला लावायच्या. मी मध्येच मत ठोकलं की म्हणायच्या, “यार, आधी संपव तरी! मग भांडू.” ज्या मराठीत मी पत्रकात त्यांना ‘कष्टकरी बायांच्या शत्रू’ म्हटलं, ती त्यांनीच दिलेली.

पुढे दिल्लीतच मुनिरक्याला भाड्याच्या खोलीवर राहत होते तेव्हा मोबाइलवर एका पानाचा फोटो आला. पान एकशे बारा. कादंबरीतली मालकीण घरकामाच्या बाईला जातीवरून नको ते बोलते. संपादक, समीक्षक, कवी, सगळ्यांच्या ग्रुपवर तोच फोटो, आणि जो तो लिहीत होता, ‘लेखिका उघडी पडली’. पुस्तक कुणीच वाचलं नव्हतं. मी तासाभरात पत्रक तयार केलं.

दारात त्यांनी ते घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं. शेवटपर्यंत.

“पुस्तक संपवलंस का गं?”

“एक पान पुरेसं आहे,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

“अच्छा! म्हणजे मला उगाच सात वर्षं लागली.” लोक हसले. मग हळू आवाजात, “घरी ये. चहा पिऊन भांडू.”

गेले नाही. चर्चा रद्द झाली, दुसरी आवृत्ती अडली, एका मासिकाने त्यांचं सदर बंद केलं. आम्ही त्याला विजय म्हणालो…

दिवसकार्य आटोपल्यावर रोहिणीताईने बोलावलं आणि मावशींच्या टेबलावरची प्रत माझ्यापुढे धरली. एकशे बाराव्या पानावर खूण म्हणून माझं पत्रक घातलेलं. “आई म्हणायची, ती आली की इथून पुढे तिलाच मोठ्याने वाचायला लावते. चहाचा कपही काढून ठेवायची, वेडी.” मी पान उलटलं. पुढची सात पानं ती कामवाली मालकिणीला उत्तर देते. माझ्या एकाही पत्रकाला तशी धार नाही. मला मोठ्याने वाचता आलं नाही.

प्रत आता माझ्याकडे आहे, पत्रक त्याच पानात. माझी सही मी इथे मागे घेते. सह्या करणारे उरलेले अठरा जण, आणि तो फोटो पुढे पाठवणारे तुम्ही सगळे. पुस्तक मिळवा. एकशे तेराव्या पानापासून वाचा. मग जिथे सही केली होती, जिथे फोटो टाकला होता, तिथेच आपल्या नावाने लिहा: मी न वाचता बोललो होतो.