बाबांचे चार संघ

दिवाळीचा पाडवा, १९५४. मी माहेरी, पनवेलला, मागच्या पडवीत बसून पितळेची ताटं चिंचेने घासत होते. लग्नानंतरची पहिली दिवाळी. जावई दिवाळसणाला आलेले, तेव्हा घरात जे चकाकू शकतं ते चकाकलंच पाहिजे, असा आईचा हुकूम. माझं लक्ष ताटांत नव्हतं. यजमानांना पाटावर मांडी घालता येईल की नाही, याची मला चिंता होती.

त्यांचा उजवा गुडघा सुजला होता. ते मुंबईला एका कापडगिरणीच्या संघातून हुतूतू खेळायचे. पेपरात तेव्हा कबड्डी लिहायला लागले होते, आमच्या तोंडी हुतूतूच. गिरणीने त्यांना घेतलं ते माग चालवता येतो म्हणून नव्हे. उजव्या कोपऱ्यात उभं राहून चढाईवाल्याचा घोटा धरता येतो म्हणून. नोकरी बदली कामगाराची. येत्या स्पर्धेत संघ शेवटच्या चारांत आला तर कायम करू, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं. कायम झाले की मुंबईत खोली बघायची आणि मी सासरच्या गावाहून तिकडे जायचं, असं आमचं ठरलेलं.

दिवाळीच्या तोंडावर ते गावातल्या पोरांबरोबर उगाच खेळायला उतरले आणि गुडघा मुरगळून घेतला. हाडवैद्य म्हणाला, जमिनीला टेकवू नका, माघापर्यंत ठणठणीत होईल. स्पर्धा फाल्गुनात. पण संघातल्या खेळाडूंची नावं दिवाळी संपताच लागायची, मागच्या वर्षीचा खेळ बघून. नावं लागेपर्यंत गुडघ्याचं कुणाला कळता कामा नये, एवढंच सांभाळायचं होतं.

अडचण होती ती बाबांची. माझे बाबा बैलगाड्यांची चाकं बनवायचे. आमची चाकं घाटावर जायची, पण बाबांचं नाव होतं ते वेगळ्याच कारणाने. गिरण्यांच्या स्पर्धेचे सामने बघायला ते दरवर्षी काम टाकून मुंबईला जायचे, आणि दर पाडव्याला कारखान्याच्या ओट्यावर बसून पुढच्या स्पर्धेत कोणते चार संघ शेवटपर्यंत येणार ते सांगायचे. ते बरोबर यायचं. वर्षानुवर्षं बरोबर येत होतं. त्यासाठी माणसं लांबून यायची. लाकडावर हातोडी वाजवून आतली चीर ओळखावी, तसं ते माणसाकडे बघायचे.

यजमान पाटावर बसले. डावा पाय मुडपला, उजवा तसाच लांब. आईने ते पाहिलं आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाली, एवढा प्रवास करून आलेत, पायाला मुंग्या आल्या असतील. बाबा जावयाला आणखी एक करंजी वाढ म्हणाले. मला वाटलं, निभावलं.

संध्याकाळी ओट्यावर गर्दी झाली. जावई म्हणून यजमानांना खुर्ची दिली होती. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबांनी चार नावं सांगून टाकलेली होती. समोर एक गृहस्थ बसले होते. मूळचे पनवेलचेच, मुंबईला नोकरी करायचे आणि गिरण्यांच्या सामन्यांत पंच असायचे. ते हसत म्हणाले, "काका, जावयाचीच गिरणी विसरलात की."

"विसरलो नाय."

"मग? सासरेबुवा जावयावर रागावले म्हणायचे."

"त्यांचा उजवा कोपरा गेला," बाबा म्हणाले. "जावई माझा हाय, गुडघा माझा नाय."

सगळा ओटा हसला. कोणी म्हणालं, पुढच्या दिवाळीला जावयाला पाटाऐवजी खाट द्या. यजमानही हसले. त्यांच्या हातातली बशी मी काढून घेतली.

रात्रीचा स्वयंपाक चालला असताना बाबा पाणी प्यायला आत आले. मी विचारलं, "तुम्हाला गप्प बसता आलं नसतं?"

"चुकीचं नाव घेऊ? फाल्गुनात तो संघ हरला की लोक काय म्हणतील, जावयासाठी खोटं बोलला."

"गुडघा तोवर बरा होणार आहे."

"झाला तर बरंच हाय, बाय," ते म्हणाले आणि तांब्या जागेवर ठेवून गेले. आई भाकरी थापत होती. ती थापतच राहिली.

पंचांना मी दोष देत नाही. त्यांनी ऐकलं ते मुंबईला जाऊन बोलले, कुणीही बोललं असतं. नावं लागली त्यात यजमान नव्हते. बदली कामगाराला काढायला कारण लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही म्हणाले, की झालं. सासरी शेत दिरांनाच पुरत नव्हतं. शेवटी बाबांनीच बोलावून घेतलं. कारखान्यामागची खोली दिली आणि यजमानांना चाकांचे आरे तासायला बसवलं. शेजारपाजारचे म्हणत, सासरा असावा तर असा.

माघात गुडघा बरा झाला. हाडवैद्य खोटं बोलला नव्हता. फाल्गुनात यजमान दिवसभर उकिडवे बसून आरे तासत होते आणि बाबा मुंबईला सामने बघत होते. यजमानांच्या गिरणीचा संघ शेवटच्या चारांच्या आधीच्याच फेरीत बाद झाला. नव्या पोराला उजव्या कोपऱ्यात उभं केलं होतं. त्याच्या हातून घोटा सुटला, असं ऐकलं.

बाबा परत आले ते जिलबीचा पुडा घेऊन. ओटा भरला. त्यांनी मला हाक मारली, "बाय, चहा ठेव सगळ्यांना. चारही आले." यजमान तिथेच भुशात बसून काम करत होते. त्यांनी मान वर केली नाही. एकाने त्यांच्याही हातावर जिलबी ठेवली.

मी चहा ठेवला. माणसं गेल्यावर कपबशा गोळा करताना बाबांना विचारलं, "हे खेळले असते तर?"

त्यांनी खरंच विचार केला. रागावले नाहीत. "मग त्यांचा संघ आला असता," ते म्हणाले. "आणि मी पाडव्याला तसंच सांगितलं असतं."

एवढं सगळं होऊन आपलं काही चुकलं असेल, असं त्यांच्या मनात आलेलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, की या ओट्यावर यजमान म्हातारे होतील आणि बाबा दर पाडव्याला बरोबर ठरत राहतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यजमानांना म्हटलं, आज कारखान्यात बसू नका, गावात दुसरं काम बघा. ते म्हणाले, बाबांना काय सांगू. मी म्हटलं, मी सांगते. मग मी पदर खोचला, बाजारापलीकडच्या भाताच्या गिरणीवर गेले आणि मुकादमाला विचारलं, पाखडायला बायका घेता का. तो म्हणाला, सूप घरून आणावं लागेल. मी घरी जाऊन सूप आणलं, ओट्यावरून जाताना बाबांना एका वाक्यात सांगितलं, हे आता आरे तासायला येणार नाहीत, आणि परत गिरणीवर जाऊन बायकांच्या रांगेत बसले.